तिसऱ्या भागाची मागणी

चाळीच्या दारातल्या फळ्यावर मी पहिल्यांदा लिहिलं ते दुपारपर्यंतही टिकलं नाही.

लालबागला आमची चाळ रस्त्याला लागूनच होती. दारात एक मोठा काळा फळा टांगलेला असे, आणि माझा मोठा भाऊ रोज सकाळी त्यावर खडूने बातम्या लिहायचा. सभा कुठे आहे, मोर्चा कुठून निघणार, कोणाला पकडलं, दिल्लीत कोण काय बोललं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. गिरणीत जाणारी माणसं फळ्यापुढे थांबायची, आणि वाचता येत नसेल त्याला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. फळ्याच्या तळाशी वीतभर जागा नेहमी रिकामी राहायची. एका सोमवारी कामावर जाताना मी तिथे लिहिलं:

'काल गिरगावात बगळ्याच्या कार्टूनचा नवा भाग बघितला. आधीच्या भागांपेक्षा वाईट. बगळा उंचावरून आपटतो, पापडासारखा चपटा होतो आणि लगेच उठून चालू लागतो. त्याला दुखतच नसेल तर आपण हसायचं कशाला?'

संध्याकाळी परत आले तर तळाचा भाग ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेला. वरच्या बातम्या जशाच्या तशा होत्या. कोणी पुसलं ते विचारायची गरज नव्हती. ते फडकं आमच्याच मोरीतलं होतं.

मी तेव्हा विशीत होते. मॅट्रिक होऊन परळच्या एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर कामाला लागले होते. येणाऱ्याचं नाव, वय, पत्ता, काय होतंय, एवढं लिहून कागद पुढे सरकवायचा. मोर्चांवर गोळीबार झाला त्या दिवसांतही मी त्याच खिडकीत होते. तेव्हा खिडकीपाशी रांग नव्हती. जखमींना सरळ आत न्यायचे आणि मी आत जाऊन, ज्यांना बोलता येत होतं त्यांना नाव विचारून लिहून घ्यायची. त्याबद्दल इथे याहून जास्त सांगणार नाही.

कार्टूनची गोडी मला त्याआधीच लागली होती. खिडकीवर माझ्याबरोबर गिरगावच्या फणसवाडीतली एक मुलगी होती. तिच्या घराजवळच्या एका थेटरात रविवारी सकाळी छोटी छोटी कार्टून दाखवायचे. दोन-तीन मालिका चालू असायच्या आणि दर आठवड्याला एकेकीचा नवा भाग यायचा. ती मला एकदा घेऊन गेली. तिला कंटाळा आला, मी मात्र पुढच्या रविवारी एकटीच ट्रामने गेले. मग दर रविवारी. हॉलमध्ये सगळी पोरं, आणि त्यांना आणलेले काका-मामा. मोठी बाई, तीही एकटी, अशी मीच. दारावरचा माणूस पहिले काही रविवार विचारायचा, "बाई, मुलं मागून येतायत का?"

"नाही. मी एकटीच आहे."

पुढे त्याने विचारायचं सोडलं.

माझी मतं तेव्हापासूनच ठाम होती. टपाल वाटणाऱ्या बगळ्याची मालिका पोरांची लाडकी होती, मला ती हळूहळू आवडेनाशी झाली. बगळा सारखा आपल्याकडे बघून डोळा मारायचा, जणू विचारतोय की बघा, कसा आपटलो. मला आवडायचं ते घड्याळजीकडे कामाला असलेलं गाढव. ते घड्याळं चुकीची जुळवायचं आणि सगळं गाव त्याच्या चुकीच्या वेळेने चालायला लागायचं. लग्नं पहाटेच लागायची, दुपारी शाळा सुटायच्या ऐवजी भरायच्या. गाढव आपल्या कामात इतकं बुडालेलं असायचं की त्याने एकदाही आपल्याकडे बघितलं नाही. ते काढणाऱ्या माणसाला गाढवाबद्दल आदर होता. बगळा काढणाऱ्याला बगळ्याबद्दल नव्हता. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि ऐकायला कोणी नव्हतं. म्हणून मी फळ्यावर लिहिलं.

त्या संध्याकाळी दादा जेवायला बसला तेव्हा मी विचारलं, "पुसलंस का?"

"तो फळा कशासाठी आहे ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग? माणसं मेली गं या प्रश्नासाठी. आणि त्यांच्या बातमीखाली तू बगळा लिहितेस?"

माझ्याकडे एक उत्तर होतं. त्या माणसांची नावं मी माझ्या हाताने लिहिली होती. ते उत्तर मी दिलं नाही. बगळ्याच्या भांडणात त्यांना ओढायचं माझ्या मनात आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "खाली जागा रिकामी होती."

"रिकामी राहू दे."

दुसऱ्या दिवशी मी परत लिहिलं, या वेळी गाढवाबद्दल. त्याने परत पुसलं. तिसऱ्यांदा त्याने माझ्या देखत पुसलं आणि आईकडे बघून म्हणाला, "हिला काहीतरी सांग."

आई मालवणकडची, चाळीत जन्म गेला तरी तिची बोली सुटली नव्हती. ती म्हणाली, "गो बाय, कशाक जातंस त्या थेटरात? उंदीर-मांजरां बघूक? तुझ्या वयाच्या पोरींच्या कडेवर पोरां असत."

"मी वेगळा फळा लावते," मी दादाला म्हटलं.

"लाव. कोण वाचतंय बघू."

आमचे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. साच्यांच्या आवाजात सगळा दिवस गेला की घरी ते फारसं बोलत नसत. त्या रविवारी ते मोडक्या खाटेची एक रुंद फळी घेऊन ओट्यावर बसले आणि तिला पॉलिश कागद मारू लागले. मग बॅटरीचे जुने सेल फोडून त्यांतली काळी पूड त्यांनी डिंकात कालवली आणि फळीला दोनदा फासली. वाळल्यावर हातोडी घेऊन माझ्याकडे बघून म्हणाले, "खिळा कुठे मारू?"

आमची खोली तळमजल्यावरची पहिलीच होती. खिडकीशेजारी, रस्त्यावरून दिसेल अशा जागी मी बोट ठेवलं. दादा आतून बघत होता. 

त्या फळ्यावर मी दर सोमवारी लिहू लागले. आधी कोणी थांबत नसे. मग पोरं थांबू लागली, कारण त्यांच्या लाडक्या बगळ्याला कोणी नावं ठेवतंय हे त्यांना खपत नव्हतं. मग पोरांना घेऊन जाणारे. एकदा कोणीतरी खाली कोळशाने लिहिलं, 'तुम्हीच आपटून बघा.' मी ते पुसलं नाही. ते मतच होतं.

याच सुमारास दादरहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, माणसं शिकलेली. आईने दोन दिवस आधीपासून मला फळा काढायला सांगितलं होतं, आणि मी काढला नव्हता. मुलाचे वडील आत येतानाच फळ्यापाशी थांबून सगळं वाचून आले. पोह्यांच्या बशा फिरल्यावर त्यांनी विचारलं, "ते बाहेर कोण लिहितं?"

"मी," मी म्हटलं.

आई घाईघाईने मध्ये पडली. पाहुण्यांसाठी ती शुद्ध बोलत होती. "इस्पितळात नको नको ते बघायला लागतं हो तिला. गोळीबार झाला तेव्हा तर विचारू नका. म्हणून जरा जीव रमवायला जाते आठवड्यातून एकदा. पोर मनाने हळवी आहे."

मुलाच्या आईने लगेच मान हलवली. सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. कारण मिळालं होतं, आणि चांगलं कारण होतं. मी गप्प बसले असते तर ते लग्न बहुतेक जमलं असतं. इस्पितळातल्या मेट्रनही मला असंच म्हणायच्या, की तुला विसावा हवा असतो म्हणून तू ते पोरकट काही बघतेस. त्यांचा हेतू चांगला असायचा. पण कोणी तसं म्हटलं की शिव्या खाल्ल्याहून जास्त राग यायचा.

"मी जीव रमवायला जात नाही," मी म्हटलं. "मला ती कार्टून आवडतात म्हणून जाते. गोळीबाराच्या आधीही जात होते."

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "पण ती लहान मुलांची असतात ना?"

"लहान मुलं बघतात. काढतात मोठी माणसं."

"आणि लग्नानंतर?" त्याच्या वडिलांनी विचारलं.

"रविवारी सकाळी जाईन. हे बरोबर आले तर चांगलंच आहे."

आठवड्याने निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आई माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलत होती. दादा म्हणाला, "मिळालं समाधान?" मी म्हटलं, "हो." ते पूर्ण खरं नव्हतं. तो मुलगा दिसायला बरा होता, आणि त्याने प्रश्न तरी विचारला होता. पण गप्प बसून मिळालेलं लग्न मला जन्मभर गप्प बसूनच चालवावं लागलं असतं.

मग एका रविवारी गाढवाच्या जागी एक जपानी मालिका लागली. तीन भागांची, एकेक भाग अर्ध्या तासाचा. आम्ही तोवर जे बघत आलो होतो ते सगळं धावपळीचं, आदळआपटीचं. हे सुरू झालं आणि पडद्यावर नुसतं धुकं. बराच वेळ धुकंच. मग वल्ह्याचा आवाज, आणि धुक्यातून एक होडी. होडीत दहा-बारा वर्षांची मुलगी. तिचे वडील समुद्रावर गेलेले परतले नाहीत, म्हणून ती बेटावरच्या माणसांना अलीकडून पलीकडे नेते. बोलणं जवळजवळ नाहीच. एक कोल्हा रोज येतो, काठावर बसतो, तिच्याकडे बघतो आणि होडीत न बसता निघून जातो. पहिल्या भागात एवढंच घडलं. पोरं रडायला लागली, खुर्च्यांवर उभी राहिली, काही मामा पोरांना घेऊन मध्येच उठून गेले. मी बसले होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन वरळी कोळीवाड्यात गेले. होड्या बघायच्या होत्या. किनाऱ्याला लागणारी एक होडी मी उभी राहून नीट बघितली. वल्हं पाण्यातून वर येताना त्याच्या टोकाला पाणी क्षणभर चिकटून राहतं आणि मग सुटतं. जपानी चित्रात अगदी तसंच होतं. कोणीतरी माणूस कुठल्या तरी काठावर असाच उभा राहिला असणार. संध्याकाळी परत येऊन मी फळ्यावर लिहिलं:

'होडीवाल्या मुलीची जपानी गोष्ट बघितली. आजवर बघितलेल्यांत सर्वांत चांगली. यात कोणी चपटं होत नाही. ज्यांना कंटाळा आला त्यांनी पुन्हा जाऊन वल्ह्याकडे बघावं.'

दुसऱ्या दिवशी त्याखाली खडूने, वळणदार अक्षरात दोनच शब्द होते. 'झोप आली.'

मी चिडले, आणि खरं सांगायचं तर खूशही झाले. मोठ्या माणसाचं अक्षर होतं.

दुसऱ्या भागात गावकरी खाडीवर पूल बांधायला घेतात. मुलगी रोज होडीतून बघते, पूल थोडा थोडा पुढे सरकतो. पुलासाठी लागणारे खांब तिच्याच होडीतून जातात, आणि ती ते नेते, कारण तेवढंच काम उरलेलं असतं. शेवटी पूल पुरा होतो, माणसं तिच्या डोक्यावरून चालत जातात आणि ती पुलाच्या सावलीत होडी थांबवून बसते. तिथे भाग संपला. हॉलमध्ये माझ्या रांगेत कोणी नव्हतं. मी पुढचे सात दिवस केसपेपर लिहिताना हाच विचार करत होते, की आता ही पोर काय करणार.

तिसऱ्या भागाच्या रविवारी शहरात हरताळ पुकारला गेला. ट्राम बंद, दुकानं बंद, थेटरं बंद. दादाने आदल्या दिवशी ते फळ्यावर ठळक लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझं कार्टून यावेळी नाही."

"मला वाचता येतं," मी म्हटलं.

त्या रविवारी मी मोर्चात चालले. आधीही चालले होते. मुंबई महाराष्ट्राची व्हावी असं मला दादाइतकंच वाटत होतं, आणि ते वाटण्यासाठी मला होडीवाली मुलगी विसरावी लागत नव्हती. लालबागपासून दादरपर्यंत घोषणा देऊन घसा बसला. हे दादाला कधी कळलं नाही, की एका माणसाला एका वेळी दोन गोष्टी हव्या असू शकतात.

सोमवारी कामावरून सुटले ती तशीच गिरगावात गेले आणि थेटरच्या मॅनेजरना भेटले. पन्नाशीचे गुजराती गृहस्थ, चष्मा कपाळावर, समोर चहा.

"तिसरा भाग पुढच्या रविवारी आहे ना?"

"नाही बेन. जपानी बंद. पोरं रडतात, आईबाप माझ्याशी भांडतात. परत बगळा लावतो."

"मग तिसरा भाग?"

"रिळांची पेटी शुक्रवारी परत जाणार."

"त्याआधी दाखवा."

ते हसले. "एका माणसासाठी मशीन चालवत नाही मी."

"किती माणसांसाठी चालवता?"

त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "खालचा हॉल अर्धा भरा. तिकीट काढून. गुरुवारी सकाळी, पहिल्या खेळाच्या आधी. नाही भरला तर मी लावणार नाही, आणि मग माझ्याशी भांडायचं नाही."

"भरेन," मी म्हटलं.

घरी येऊन मी फळा पुसला आणि लिहिलं, 'होडीवाल्या मुलीच्या गोष्टीचा शेवट दाखवायला थेटरवाले तयार नाहीत. अर्धा हॉल भरला तर दाखवतील. गुरुवारी सकाळी. ज्यांना शेवट बघायचा आहे, आणि ज्यांना माझं मत चुकीचं आहे हे सिद्ध करायचं आहे, त्यांनी यावं.'

दादा वाचून आत आला. "त्या मॅनेजरकडे भीक मागायला गेली होतीस?"

"भीक नाही. मागणी. ती कशी करायची ते तूच रोज दारात लिहितोस."

तो हातपाय धुवायला गेला.

मंगळवारी संध्याकाळी आमच्या खोलीच्या खिडकीपाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. समोरच्या चाळीतले, विणकर, गिरणीत बाबांच्याच खात्यात. त्यांच्या घराने नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी.

"ते 'झोप आली' मी लिहिलं होतं," ते म्हणाले.

मी भांडायच्या तयारीत उभी राहिले.

"रात्रपाळी करून तसाच गेलो होतो, हिला घेऊन. जपान म्हणजे बुद्धाचा देश, म्हटलं बघावं काय दाखवतात. होडीचा आवाज सुरू झाला आणि डोळा लागला. चित्र वाईट आहे असं मी कुठे म्हटलं? झोप आली ते खरं होतं, ते लिहिलं."

"बुद्ध दिसला का?"

"कोल्हा दिसला. दुसऱ्या रविवारी जागा होतो पण मी. पुढे काय होतं ते ही पोर रोज विचारते. किती माणसं हवीत तुम्हाला?"

मी सांगितलं. ते जरा विचार करून म्हणाले, "सकाळी म्हणजे दुसऱ्या पाळीवाले मोकळे असतात. रात्रपाळीवाले सुटून येतील. झोपले तरी तिकीट काढलेलं असेल ना?"

बुधवारी दोन्ही चाळींत तीच चर्चा होती. निम्म्या लोकांना नुसती गंमत वाटत होती. त्या संध्याकाळी दादा माझ्यासमोर येऊन बसला. "एवढी माणसं एकदम नेणार कशी? जमावबंदी आहे. गिरगावात पोलीस अडवतील, आणि उद्या लोकांची डोकी फुटली तर ते फळ्यावर मला लिहावं लागेल."

"मग काय करू?"

"चार-चार जणांनी निघायचं. काही ट्रामने, काही चालत. थेटरपाशी घोळका करायचा नाही, येईल त्याने तिकीट काढून आत जायचं. मी पुढे राहतो." उठता उठता तो म्हणाला, "मला ते चित्र बघायचं नाही, हे लक्षात ठेव."

"ठेवलं."

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. निघाले तर आई चप्पल घालून दारात उभी होती. मी विचारलं, "तू कुठे?" ती म्हणाली, "सगळी जातत, आणि माका काय घर राखूक ठेवतंस?"

दादाची युक्ती गिरगावापर्यंत चालली. पण थेटरचं दार अजून उघडलं नव्हतं, आणि माणसं येत गेली तसा व्हायचा तो घोळका झालाच. गिरणीचे कपडे, केसांत कापसाचे तंतू, काही बायका, बरीच पोरं. कोणीतरी उत्साहात ओरडलं, "तिसरा भाग," आणि पुढे काय म्हणायचं ते सगळ्यांना पाठ होतं. दोन-तीन आवाज मोर्चातल्यासारखे "झालाच" म्हणून उठलेही.

मी पायरीवर चढले. "ती घोषणा इथे नाही द्यायची," मी म्हटलं. "ती त्या कामाची आहे. इथे तिकीट काढून आत जायचं."

दादा रस्त्याच्या पलीकडे पोलीस चौकीकडे नजर ठेवून उभा होता. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, आणि रस्ता ओलांडून येऊन तिकिटाच्या रांगेत उभा राहिला.

मॅनेजरनी दारातून डोकावून हॉल बघितला. मग वर बघून मशीनवाल्याला हात केला.

तिसरा भाग असा होता. पूल झाल्यावर मुलगी रिकामी होडी घेऊन रोज वल्हवत राहते. कोल्हा पहिल्यांदाच होडीत येऊन बसतो. इथवर सगळं मला पटत होतं. आणि मग एक मोठं वादळ येतं. पूल मोडून वाहून जातो. गावातली सगळी माणसं काठावर रांग लावून उभी राहतात, मुलीला हात जोडतात, आणि ती हसतमुखाने त्यांना पुन्हा पलीकडे नेऊ लागते. कोल्हा डोंगराकडे निघून जातो. संपलं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आईने मला कोपराने ढोसून विचारलं, "पण तिचो बापूस खंय गेलो?" दादा पुढच्या रांगेत बसला होता. तो उठून म्हणाला, "धुकं चांगलं काढलं होतं," आणि बाहेर निघून गेला. विणकरांची मुलगी त्यांच्या खांद्यावर बसून दोन्ही हातांनी वल्हं मारत होती.

मी मात्र खुर्चीत तशीच बसून होते, आणि मला रडू येत होतं ते रागाने.

शुक्रवारी सकाळी मी फळ्यावर लिहिलं. रात्री विचार केला होता, लिहू की नको. इतक्या माणसांनी झोप मोडली होती, तिकिटं काढली होती, माझ्या शब्दावर आली होती. पण जे वाटलं ते लिहायचं नसेल तर फळा लावायचाच कशाला?

'होडीवाल्या मुलीच्या गोष्टीचा शेवट बघितला. वाईट आहे. पूल झाल्यावर त्या मुलीने काय करायचं, हा प्रश्न दोन भाग विचारून तिसऱ्या भागात वादळ आणून पूलच पाडला. ही लबाडी आहे. पहिले दोन भाग अजूनही सर्वांत चांगले.'

दुपारी इस्पितळात केसपेपर काढायला आलेल्या चाळीतल्या एका बाईकडून मला कळलं की चाळीत गोंधळ झालाय. संध्याकाळी आले तर फळ्यापुढे गर्दी होती. एक बाई म्हणाली, "आम्हाला एवढं ओढत नेलंस आणि आता वाईट म्हणतेस?"

"बघायला नेलं. आवडून घ्या असं कुठे म्हटलं होतं?"

"कमाल आहे तुझी. ऊर फुटेस्तोवर मागितलंस, मिळालं, तरी तुझं तोंड वाकडंच."

"मागितलं म्हणून चांगलं म्हणायला लागतं का?"

विणकर गर्दीच्या मागे उभे होते. ते पुढे आले. "तुमचं चुकलं," ते शांतपणे म्हणाले. "पूल पडला ते बरं झालं. आमच्या खात्यात नवे साचे येणार म्हणतात. एक माणूस चार साचे बघणार, मग बाकीच्या तिघांनी कुठे जायचं? त्या पोरीसारखं सावलीत बसायचं? काल तो पूल पडला तेव्हा माझ्या शेजारचा रात्रपाळीवाला झोपेतून उठून टाळ्या वाजवत होता."

"पण तुमचे साचे वादळाने पडणार नाहीत."

"नाहीतच पडणार. म्हणून तर पडलेले बघायचेत."

"बघावंसं वाटतं म्हणून ते खरं होत नाही."

"खरं बघायला मी गिरगावात कशाला येऊ? ते मला खात्यात रोज दिसतं."

याला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं. मी ते कबूल केलं, आणि हेही सांगितलं की उत्तर नसलं तरी माझं मत तेच आहे. ते म्हणाले, "मग खडू द्या." मी दिला. त्यांनी माझ्या मताखाली आपलं मत लिहिलं, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात आणि माझ्यापेक्षा लांब. फळा पुरला नाही तेव्हा शेवटच्या दोन ओळी भिंतीवर गेल्या. बाबांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या फळीसाठी खाट शोधायला लागले.

तो वाद पुढे बरेच दिवस चालला. शीवच्या बाजूहून कोणीतरी येऊन वाचून जायचं असं ऐकलं होतं, ते खरं की खोटं माहीत नाही. गाढवाची मालिका परत लागली आणि मी तिच्याबद्दलही लिहिलं, पण लोक विचारायचे ते पुलाचंच. इस्पितळात मेट्रननी एकदा थांबवून म्हटलं, "ऐकलं, तू माणसं गोळा करून थेटरात नेलीस म्हणे. आता तरी बरं वाटतंय का?" मी म्हटलं, "नाही, शेवट बिघडवला त्यांनी." त्यांना काही कळलं नाही, आणि त्या निघून गेल्या.

जपानी रिळांची ती पेटी त्या शुक्रवारी गेली ती गेलीच. पुढे इतकी वर्षं मी जपानी चित्रांचं जे मिळेल ते बघत आले, पण ती गोष्ट पुन्हा कुठे दिसली नाही. कोणी म्हणतं, तेव्हा तू तरुण होतीस, आज बघितलीस तर शेवट पटेल. मला तसं वाटत नाही. वादळ आणून पूल पाडणं आजही लबाडीच आहे, आणि आज ती माझ्यासमोर पुन्हा लागली तर मी तेच लिहीन, फक्त विणकरांनाही आधी विचारीन की त्यांचं काय म्हणणं आहे.